इंजिन पाठीशी, हिशेब पुढ्यात

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत पंप आणि मेकॅनिकल सील दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि घर पेणला. या दोन्ही गावांना मोटार रेसिंगचं काडीचंही देणंघेणं नाही. पेण गणपतींचं आणि पोहे-पापडांचं, रोहा धावीर महाराजांचं आणि केमिकल कंपन्यांचं. मधला मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतोच आहे. अशा ठिकाणी राहून दोन सीटची, पाठीमागे इंजिन असलेली गाडी घ्यायची आणि ट्रकवर चढवून हजारावर किलोमीटर लांब नेऊन हौसेने पळवायची, हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण घ्यायची झाली तर कुठली घ्यावी?" डॉक्टर विचारतात, बांधकामवाले विचारतात, अलिबागला फार्महाऊस असलेले मुंबईकर तर हमखास विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. परवाना काढून स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी हे नाही. सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून ट्रॅकवर मनसोक्त गाडी चालवायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं, अशांसाठी आहे.

१. आधी ट्रॅक ठरवा, मग गाडी

गिऱ्हाईक पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारतं. गाडी पळणार कुठे, हे कुणी विचारत नाही. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. तिथे २०११ ते २०१३ अशा फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने नेल्या.

या तिघांच्या मागण्या वेगळ्या. बुद्धवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे ताकद कामी येते, आणि त्या पट्ट्याच्या शेवटी ब्रेकही तितकेच तगडे लागतात. करीवर पाचशे अश्वशक्तीची गाडी नेलीत तर ती पूर्ण श्वास घ्यायच्या आत पुढचं वळण येतं. हौशी माणसाला तिथे अडीचशे अश्वशक्तीत जितका आनंद मिळतो तितका पाचशेत मिळत नाही, उलट टायरचं बिल दुप्पट होतं. आम्ही इथले लोक दक्षिणेला जातो, कारण खोपोली-पुणे-कोल्हापूर-बंगळूर हा रस्ता सरळ पडतो. तेव्हा आमच्यासाठी हलकी, मध्यम ताकदीची गाडी हे उत्तर ट्रॅकनेच दिलेलं आहे.

दिवसही ट्रॅकच ठरवतो. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. तो संपून आपण गाडी बाहेर काढतो तेव्हा तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत. एप्रिलनंतर चेन्नईत हेल्मेटमध्ये माणूस शिजतो. राहता राहिले जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे काही दिवस. वर्षातून एवढ्याच मोसमासाठी आपण गाडी घेतोय, हे खिशाला आधीच सांगून ठेवावं.

२. मधलं इंजिन देतं काय आणि मागतं काय

पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये इंजिन असेल तर ती मिड-इंजिन गाडी. स्पोर्ट्स कारमध्ये ते सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असतं. नुसत्या व्याख्येवर गेलात तर आपली मारुती ओम्नीसुद्धा यात बसते: मारुती ८००चंच ७९६ सीसी इंजिन, पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. १९८४ ते २०१९ या काळात तिने पेण-रोह्यातली किती वऱ्हाडं आणि किती गणपती वाहिले त्याची गणती नाही. भर उन्हात तिच्या सीटखालून येणारी धग ज्याला आठवते, त्याला पोर्शच्या केबिनमधल्या उष्णतेचं नवल वाटत नाही.

मधल्या इंजिनाची थोरवी पहिल्यांदा नीट दिसली ती जानेवारी १९५८ मध्ये, ब्युनोस आयर्सला. स्टर्लिंग मॉस दोन लिटरच्या इवल्याशा कूपरमध्ये बसला होता. समोर फेरारींची इंजिनं मोठी आणि ताकद जास्त, पण ती गाडीच्या नाकात. कूपरची चाकं बोल्टवर असल्याने बदलायला फार वेळ लागायचा, म्हणून मॉसने टायर बदललेच नाहीत. तो थांबणारच, या भरवशावर बाकीचे राहिले. तो शेवटपर्यंत थांबला नाही, टायरचा कॅनव्हास दिसेपर्यंत चालवत राहिला आणि जिंकला. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत ड्रायव्हरच्या मागे इंजिन असलेल्या गाडीचा तो पहिला विजय. पुढे १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबमने कूपरमध्येच अजिंक्यपद मिळवलं, आणि १९६१ पर्यंत फेरारीनेही इंजिन मागे नेलं. या गोष्टीत मला आवडते ती टायरची बाजू. हलकी, तोल साधलेली गाडी टायर कमी खाते, आणि हौशी माणसाचा सगळा खर्च शेवटी टायरवरच येऊन पडतो.

यामागचं कारण साधं आहे. दोन्ही हात लांब करून दोन भरलेल्या घागरी धरा आणि गिरकी घ्या. मग त्याच घागरी पोटाशी घेऊन गिरकी घ्या. दुसऱ्या वेळी शरीर पटकन फिरतं. इंजिनासारखं जड धूड गाडीच्या मध्याजवळ आणलं की नाक असंच चटकन वळतं. पोर्शच्या केमनमध्ये वजनाचा साधारण ४५ टक्के भाग पुढे आणि ५५ टक्के मागे. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना पकड मिळते, आणि ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकलं तरी मागची चाकं पार हलकी होत नाहीत, म्हणजे चारही ब्रेक काम करतात.

पण जी गाडी चटकन वळते ती चटकन फिरतेही. गाडीतला माझा भागीदार पेणचा, गणपतीच्या कारखान्याचा मालक. हात इतका स्थिर की मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तो स्वतः करतो. चेन्नईला एका लांब वळणाच्या मध्यावर त्याला वेग जरा जास्त वाटला. त्याने ब्रेकही मारला नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तेवढ्याने वजन पुढे गेलं, मागची चाकं सुटली, आणि गाडी दीड गिरकी घेऊन आल्या दिशेला तोंड करून गवतात उभी राहिली. धूळ खाली बसल्यावर तो रेडिओवर ओरडला, "अरे, मी काहीच केलं नाही!" अगदी खरं बोलत होता. काहीच केलं नाही, म्हणूनच ती फिरली. पुढे इंजिन असलेल्या आपल्या रोजच्या गाड्यांत पाय उचलला की नाक आत येतं आणि प्रकरण निभावतं. इथे वळणात शिरण्याआधीच वेग कमी करून, मग पाय हलकाच पण सतत ठेवावा लागतो. ही सवय अंगी लागेपर्यंत गाडीचं इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण बंद करू नये. ते बंद केल्याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नये.

३. घेण्याआधी भाड्याच्या इंजिनापुढे बसा

मधल्या इंजिनाची गाडी आपल्याला झेपते का, हे कळायला ती विकत घ्यावी लागत नाही. कोइमतूर आणि चेन्नईला सिंगल सीटर शिकवणाऱ्या शाळा आहेत. उघडी चाकं, एकच सीट, पाठीला टेकलेलं इंजिन. शुद्ध मिड-इंजिन.

या प्रकाराचा आपल्याकडचा पाया घातला तो कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. गिरणीवाल्या घराण्यातल्या या माणसाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुतीचं इंजिन पाठीमागे बसवून स्वस्तातली सिंगल सीटर उभी केली, तीच फॉर्म्युला मारुती. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन याच गाड्यांच्या वातावरणात वाढला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. २००३ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. ओम्नीत सीटखाली धगधगणारं इंजिन आणि भारतीय मुलांना रेसिंग शिकवणारं इंजिन एकाच घरचं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता शाळांमध्ये सुझुकीचं १.३ लिटर इंजिन असलेल्या गाड्या असतात. आकडा ऐकून नाक मुरडू नका. बूड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेक बूस्टर नाही. मागची चाकं सुटतात तेव्हा ते डोळ्यांना कळायच्या आधी कंबरेला कळतं. दोन-तीन दिवस ही मजुरी केल्यावर खांदे आणि मान काय सांगतात ते ऐका. "मला आवडलं, पण पुन्हा नको" असं उत्तर आलं, तर सगळ्यात मोठा खर्च वाचला. कोल्हापूरकरांना घराजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टमध्येही इंजिन चालकाच्या मागे-बाजूलाच असतं, त्यामुळे तिथून सुरुवात केलेली काही वाया जात नाही.

४. स्वप्नातली यादी आणि आरटीओतली यादी

परदेशी मासिकं वाचून आलेला माणूस टोयोटा एमआर-टू म्हणतो, लोटस एलिस म्हणतो. चूक काही नाही. १९९६ची एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती. आपल्या अल्टोच्या वजनाची. हौशी ट्रॅकसाठी याहून शहाणी गाडी क्वचितच बनली असेल. पण आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडेच लागतं. शिवाय जकात. तेव्हा एलिस आणि एमआर-टू मोबाइलच्या वॉलपेपरला ठेवाव्यात.

राहता राहतं ते देशात रीतसर विकलं गेलेलं, वापरलेलं वाण. लॅम्बोर्गिनी आणि फेरारी मी यादीतून काढतो. ज्या गाडीचा बंपर घासला की रात्रीची झोप उडते, ती ट्रॅकवर निम्म्या वेगानेच चालवली जाते. ऑडी आर-८ देखणी, चारही चाकांना ताकद देणारी, त्यामुळे बरीच सांभाळून घेणारी. पण दीड टनाहून जड, आणि ते वजन दर वळणाला टायर-ब्रेकमधून वसूल होतं. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली, तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो. पुण्याजवळ बनलेली, मधल्या इंजिनाची भारतीय गाडी, रेनोचं दोन लिटर टर्बो, अडीचशे अश्वशक्ती. कौतुक आजही आहे. पण कुठल्याही गाडीबद्दल माझा एकच प्रश्न असतो: ट्रॅकवर काच फुटली, सस्पेन्शनचा हात वाकला, तर सोमवारी फोन कुणाला करायचा? जितक्या कमी गाड्या बनल्या तितकं हे उत्तर अवघड.

असं गाळत गेलं की चाळणीत पोर्शची बॉक्सटर आणि केमनच उरतात. बॉक्सटर १९९६ची, तिचं बंद छपराचं भावंड केमन २००५चं. ट्रॅकसाठी केमन घ्या. छप्पर पक्कं असल्याने अंग जास्त कडक. साधी केमन घ्या, जास्त ताकदीची 'एस' नको. मॅन्युअल गिअर मिळाला तर डोळे झाकून, नाही मिळाला तर अडून बसू नका. पोर्शचा डबल क्लच गिअरबॉक्स आपल्याहून हुशार आहे. आणि ज्या मॉडेलपर्यंत खिसा पोचतो त्याच्या एक पायरी खालचं घ्या. वाचलेले पैसे कुठे जायचे ते सहाव्या मुद्द्यात आहे.

५. इंजिन दिसत नाही, म्हणून जास्त बघा

केमनचं बॉनेट उघडलं की डिकी, आणि डिकी उघडली की दुसरी डिकी. इंजिन मध्ये गाडलेलं. वरून तेल आणि कूलंट भरायची झाकणं तेवढी दिसतात. विकणाऱ्याला हे फार सोयीचं असतं. गाडी लिफ्टवर चढवून खालची कव्हरं काढल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पहिली नजर तेलाच्या फिल्टरवर. माझ्या धंद्यात पंप उघडायच्या आधी आम्ही तेल बघतो, तेच इथे. फिल्टरची घडी उलगडून पांढऱ्या कापडावर ठेवायची, बॅटरीच्या उजेडात तिरकी धरायची आणि वरून चुंबक फिरवायचं. चुंबकाला बारीक चमकी चिकटली तर पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. चमक दिसते पण चिकटत नाही, तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगच्या अस्तराचा मऊ धातू. दोन्हींत वाईट कुठलं, यावर वाद घालत बसू नये. चमक दिसली की उठावं आणि चहा पिऊन घरी यावं. २००८पर्यंतच्या बॉक्सटर-केमनमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा जगभर चर्चेत असलेला कच्चा दुवा आहे. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच काढून टाकला. वयाने चार वर्षं इकडेतिकडे झाली तरी चालेल, पण शक्यतो या रेषेच्या अलीकडची गाडी बघा.

दुसरी नजर नाकात. इंजिन मध्ये असलं तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन कोपऱ्यांत, त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. तिथल्या जाळीमागे सुकी पानं आणि माती साठते, ती पावसाळाभर ओली राहते आणि ॲल्युमिनियम खाते. पनवेलच्या पुढे राहिलेली गाडी असेल तर बंपर काढून बघाच. तिथून इंजिनापर्यंत कूलंटचे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर नेमके तिथेच लागतात.

आमची गाडी बघायला नेलेले पेणचे मिस्त्री आयुष्यभर टेम्पो आणि जीप दुरुस्त करत आलेले. लिफ्टखाली उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शेठ, गाडी चांगली आहे. पण हिला खालून जेवढी कव्हरं आहेत, तेवढ्यात आमच्याकडे एक छकडा बनतो." मग त्यांनी बोटाने मागच्या शॉक ॲब्सॉर्बरवरची तेलाची ओली रेघ दाखवली, जी विकणाऱ्याच्या तपासणी अहवालात नव्हती. तेवढ्यावर भाव बराच खाली आला.

६. ब्रेक फ्लुइड, पॅड, टायर: पैसे इथे घाला

बाराशे-चौदाशे किलोची गाडी ताशी १८० वरून ६० वर आणताना जी उष्णता तयार होते, तेवढ्यात सुमारे पाच लिटर पाणी उकळीला येईल. हे दर फेरीत एक-दोनदा, आणि प्रत्येक वेळी काही सेकंदांत. ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक फ्लुइडमध्ये जाते.

फ्लुइड हा कोकणातल्या माणसाचा खास विषय आहे. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ दर्जाचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांना उकळलं पाहिजे असं मानक सांगतं. त्यात पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत घसरतो. डॉट ५.१चे आकडे २६० आणि १८०. रोह्याला जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, मीठ डब्यात गोळा होतं, चपला हिरव्या होतात. बाटलीतलं फ्लुइड तेवढं कोरडं राहील असं मानायला मी तयार नाही. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, म्हणून पेडल थेट तळाला जातं. त्यामुळे ट्रॅकला निघण्याच्या आठवड्यात फ्लुइड बदलायचं, सीलबंद डब्यातलं घालायचं, उरलेलं ओतून द्यायचं. शे-दोनशे रुपये वाचवायला अर्धा डबा कपाटात ठेवणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही.

पॅड मूळ कंपनीचे ठेवलेत तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत पेडल लांब वाटू लागतं आणि वास येतो. ट्रॅकसाठीचे पॅड थंडीत किंचाळतात, डिस्क खातात, पण गरम असताना धरतात. सेशन संपताना शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारायची, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहिला की तिथे डाग बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा.

मधल्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल बंद. मागची जोडी आधी संपते आणि ती जोडीनेच घ्यावी लागते. हवा थंड असताना मोजून भागत नाही. ट्रॅकवर दाब चांगला सहा-आठ पौंडांनी चढतो. सेशन संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच मोजा, वहीत लिहा, जास्तीची काढा. मोजमाप आपल्याच गेजने करावं. पेट्रोल पंपावरच्या गेजवर माझा धंद्याच्या सवयीने विश्वास नाही.

चौथ्या मुद्द्यात वाचवलेले पैसे इथे जातात. दोन जोड पॅड, मागच्या टायरची जादा जोडी आणि ताजं फ्लुइड असलेली साधी केमन दिवसभर पळते. एकाच जोडीवर आलेली एस दुपारच्या जेवणानंतर सावलीत उभी असते आणि तिचा मालक दुसऱ्यांचे फोटो काढतो.

७. विमा आणि कायदा

थोडक्यात. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च तुमचा. एजंट काहीही सांगो, कागद वाचा. जी रक्कम डोळ्यांदेखत बुडाली तर घर हलणार नाही, त्याच किमतीची गाडी ट्रॅकवर न्या.

आणि रस्त्यावर सराव नको. सुकेळी खिंडीत पहाटे, ताम्हिणीत रविवारी काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय समोरून एसटी येते, आणि तिच्यात आपलीच माणसं असतात. आमच्या जिल्ह्याला शर्यतीचं वेड नवं नाही. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या, २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली. तेव्हा बैलांनासुद्धा आखलेलं मैदान, डॉक्टरची तपासणी आणि प्रशासनाची परवानगी लागते. खिंडीत धावणाऱ्या पोरांना यातलं काहीच नसतं.

८. कोकणात गाडी ठेवण्याचा खर्च वेगळा धरा

वर्षातले आठ-नऊ महिने ही गाडी उभी राहणार. उभ्या गाडीचे शत्रू तीन: ओल, उंदीर आणि मीठ. पेणच्या खाजणांवरून येणारं वारं ब्रेकच्या पाइपांचे जोड गंजवतं. स्टीअरिंगवर आणि सीटवर जुलैत पांढरी बुरशी धरते. उंदरांना तर मध्ये बंदिस्त असलेली, मागून-पुढून झाकलेली इंजिनाची जागा घर म्हणूनच बांधली आहे असं वाटतं. वायरिंगवरची वेष्टणं ते आवडीने कुरतडतात, आणि इंजिन दिसत नसल्याने ते गाडी सुरू होईपर्यंत कळतही नाही. आम्ही गाडी भागीदाराच्या कारखान्यात, ओल्या मूर्ती सुकवायच्या खोलीलगत ठेवतो. तिथली हवा कोरडी असते. बॅटरीला चार्जर लावलेला, टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक सोडलेला. गणेशोत्सवाआधीच्या गर्दीत तिच्यावर चादर टाकून वर रंगाचे डबे ठेवले जातात, ते मी बघून न बघितल्यासारखं करतो.

ट्रॅकपर्यंत मात्र गाडी चालवत नेऊ नका. वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात पुढचा ओठ कुठे ना कुठे घासणारच, आणि संपलेल्या टायरवर, दमलेल्या ब्रेकवर तेराशे किलोमीटर परत यायचं म्हणजे ट्रॅकवर वाचलेलं नशीब रस्त्यावर उधळणं. बंद कंटेनर ट्रक ठरवा. पट्टे चाकांवरून बांधायला सांगा. सस्पेन्शनच्या हातांना हुक लावून आवळलं की अलाइनमेंट बिघडते. चढवताना पुढच्या ओठाखाली दोन लांब फळ्या लागतात. त्या घरूनच न्या, ट्रकवाल्याकडे नसतात.

९. भागीदारी लिहून घ्या

एका गाडीत दोघं, हा आमच्यासारख्यांना परवडणारा मार्ग. ट्रॅकवर एकाने चालवायचं, दुसऱ्याने घड्याळ आणि टायर बघायचे. दोघांनाही थंड व्हायला वेळ मिळतो, गाडीलाही. पण तोंडी व्यवहार नको. आम्ही माघी गणपतीच्या आदल्या आठवड्यात बसून साध्या कागदावर लिहिलं. नोंदणी एकाच्या नावावर, अर्धी किंमत दुसऱ्याने चेकने. सर्व्हिस, ट्रक, जागा निम्मी-निम्मी. पॅड आणि टायर ज्याच्या जितक्या फेऱ्या त्या हिशेबाने. विकायची झाली तर आधी भागीदाराला विचारायचं, भाव तिसऱ्याने ठरवायचा.

अपघाताच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला. तो म्हणाला, "जो चालवत असेल त्याने सगळं भरायचं." मी म्हटलं, इंजिन आणि गिअरबॉक्स त्यात नको, कारण ते माझ्या वर्षभराच्या पापाने तुझ्या फेरीतही जाऊ शकतं. शेवटी ठरलं ते असं: यांत्रिक काही गेलं तर खर्च दोघांचा, बाहेरून दिसेल असं काही वाकलं तर चालवणाऱ्याचा, आणि गवतातून गाडी बाहेर काढल्यावर ती धुण्याचं काम, कितीही रात्र झाली तरी, ज्याने घातली त्याचंच.